कॉम्पोझिट शेल आणि स्फोटाचा भार: सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

स्फोटाच्या दाबाखाली थरांचं कॉम्पोझिट शेल (तंतू आणि रेझिनच्या थरांचं पातळ कवच) सिम्युलेशनमध्ये तपासताना बहुतेकांचं डोकं मटेरियल मॉडेलमध्येच अडकतं. गडबड बऱ्याचदा त्याआधी, भार देतानाच झालेली असते.

नेहमीची चूक म्हणजे फक्त कमाल दाब बघणं. दाब किती वेळ टिकतो आणि शेलचा नैसर्गिक आवर्तकाल (स्वतःच्या एका पूर्ण कंपनाला लागणारा वेळ) किती, हे गुणोत्तर आधी काढा. दाब त्या मानाने क्षणभरच टिकत असेल, तर विस्थापन आवेगावर, म्हणजे दाब-काळ आलेखाखालच्या क्षेत्रफळावर ठरतं. तिथे कमाल दाब दुप्पट आणि कालावधी निम्मा केला तरी उत्तर जवळपास तेच येतं.

दुसरी चूक त्रिकोणी पल्सची, म्हणजे दाब सरळ रेषेत शून्यावर उतरतो असं धरण्याची. स्फोटाचा दाब काळानुसार कसा बदलतो ते सांगणाऱ्या फ्रीडलँडर समीकरणात दाब घातांकी उतारावरून शून्याखाली जातो. त्रिकोणात हा ऋण (ओढीचा) टप्पा उरतच नाही. जाड काँक्रीट भिंतीला ते बहुधा खपून जातं, हलक्या लॅमिनेटला (थरांच्या कॉम्पोझिटला) नाही. शेल उलट फिरत असतानाच ही ओढ मिळाली, तर बाहेरच्या दिशेचं विस्थापन आतल्यापेक्षा मोठं होऊ शकतं. म्हणून पहिलं शिखर दिसताच रन थांबवू नका.

सरळ आदळलेल्या लाटेचा परावर्तित दाब आपाती (येणाऱ्या लाटेच्या) दाबाच्या दुपटीहून जास्त असतो. हवा आदर्श वायू मानली तर तीव्र लाटेसाठी तो आठपटीपर्यंत चढतो. वक्र पृष्ठभागावर आपात कोन जागोजागी बदलतो, त्यामुळे सगळीकडे एकच दाब लावणं ही निव्वळ सोय झाली.

वेळ वाचवायला सममितीच्या आधारे पाव मॉडेल (शेलचा फक्त चौथा भाग) घेताय? ०/९० मांडणीत (हे थरांतल्या तंतूंचे कोन, अंशांत) चालेल. ±४५ मध्ये वाकण आणि पीळ एकमेकांत गुंततात, तिथे पूर्ण मॉडेलच करा.

विस्थापन चाचणीपेक्षा फारच जास्त येतंय? पॅनेल सपाट असेल तर विश्लेषण रेषीय (मोठ्या विस्थापनाचा परिणाम न धरणारं) राहिलंय का ते पाहा. विस्थापन जाडीइतकं झालं की पटलातला ताण बराच भार उचलतो. बहिर्वक्र शेलचं मात्र उलटंही होतं: ते मऊ पडून एकदम आत पलटी खाऊ शकतं. विस्थापन कमी येत असेल तर आधी कडांवर संशय घ्या. चाचणीतले क्लॅम्प थोडे सरकतात, मॉडेलमधले कधीच नाही.

हाशिनचा निकष (कॉम्पोझिट कुठे निकामी होतं ते ठरवणारा) तंतू आणि मॅट्रिक्सचं (तंतूंना धरणाऱ्या रेझिनचं) नुकसान वेगवेगळं दाखवतो, पण शेल एलिमेंटमध्ये (एलिमेंट म्हणजे मॉडेलचा छोटा तुकडा) वापरला तर थर सुटणं त्याला दिसत नाही. त्यासाठी थरांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट (थरांमधला जोड दाखवणारे) घाला, आणि तडा पुढे सरकतो त्या पट्ट्यात किमान तीन एलिमेंट बसतील इतकी मेश (एलिमेंटची जाळी) बारीक ठेवा.