पाळीत अंगावरून कमी जातंय? या चुका टाळा

पहिल्या दिवशी दोन-चार डाग, दुसऱ्या दिवशी थोडं आणि तिसऱ्या दिवशी काहीच नाही, असं झालं की घरात तीळ-गूळ, ओव्याचा काढा, पपई सुरू होते. ‘घाण आत साठली’ ही भीती त्यामागे असते. पण गर्भपिशवीचं अस्तर जेवढं तयार होतं तेवढंच गळतं. अस्तर पातळ असेल तर रक्तही कमीच जाणार. पाळी तारखेला येत असेल आणि पहिल्यापासून दोन-तीन दिवसांचीच असेल, तर काहीही करू नका. मध्ये एक दिवस थांबून पुन्हा सुरू झालं तरी ती एकच पाळी. नुसते डाग लागले तो दिवस धरू नका. नीट सुरू झाली तो पहिला दिवस.

नेहमीची पाळी अचानक कमी झाली तर मात्र कारण शोधावं लागतं.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे तपासणी न करता मेडिकलमधून ‘पाळी आणायच्या गोळ्या’ घेणं. दिवस राहिले असतानाही तारखेच्या आसपास थोडे डाग लागू शकतात. आधी सकाळच्या पहिल्या लघवीवर प्रेग्नन्सी किट वापरा आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. उशिरा उमटलेली फिकट रेघ फसवते. निकाल ‘नाही’ आला आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करा. निकाल ‘हो’ असेल आणि ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा खांदा दुखत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. गर्भ पिशवीऐवजी नळीत असू शकतो. गर्भपाताच्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं.

दुसरी चूक, चालू औषधं डॉक्टरांना न सांगणं. सरकारी केंद्रातली ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पाळी लांबवते आणि कमी करते. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनने नुसते डाग लागतात किंवा पाळी बंदच होते. ‘माला-एन’ या गर्भनिरोधक गोळीवरही कमी जातं. हे अपेक्षितच आहे. घाबरून मध्येच सोडलं तर दिवस राहू शकतात. अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का पाहा. ही औषधं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढवतात. पाळी चुकते, कधी बाळ नसतानाही स्तनातून दूध येतं.

क्युरेटिंगनंतर, म्हणजे पिशवी साफ केल्यानंतर, पाळी निम्म्यावर आली असेल, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून टॉनिकवर महिने घालवू नका. पिशवीच्या आत अस्तर चिकटलेलं असू शकतं. साध्या सोनोग्राफीत ते सुटून जातं, पिशवीत दुर्बीण घालून पाहिलं की दिसतं. पिशवीच्या टीबीनेही पाळी अशीच आटत जाते आणि मूल राहत नाही; त्यासाठी अस्तराचा नमुना तपासावा लागतो. आपल्याकडे ही शक्यता विसरून चालत नाही.

भरतीसाठी रोज धावणाऱ्या किंवा भात-पोळी बंद केलेल्या मुलींची पाळी अपुऱ्या खाण्यामुळे थांबू शकते. यात हाडंही ठिसूळ होतात, म्हणून गोळीने पाळी आणून भागत नाही, खाणं वाढवावं लागतं.

कमी जाणं वेगळं आणि पाळी तीन-तीन महिने न येणं वेगळं. पीसीओएसमध्ये, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासात, वर्षातून आठपेक्षाही कमी वेळा पाळी येऊ शकते, आणि न गळलेलं अस्तर जाड होत राहतं. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने पाळी आणावीच लागते. दर महिन्याला ठरल्या वेळी कळा येऊनही बाहेर काहीच येत नसेल, विशेषतः पाळी सुरूच न झालेल्या मुलीत, तर रक्त बाहेर यायची वाट बंद आहे का हे सोनोग्राफीत पाहावं.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या सहा महिन्यांच्या तारखा, रोज किती पॅड लागले याची नोंद आणि सगळ्या औषधांच्या स्ट्रिप्स न्या. डॉक्टर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन तपासायला सांगतील. प्रोलॅक्टिनचं रक्त उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून द्या, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो.