खगोलशास्त्रात एमएस्सी करताय? या चुका टाळा

दर जूनमध्ये तोच फोन येतो. "सर, लहानपणापासून आकाशाची आवड आहे, घरी दुर्बीणही आहे." मी विचारतो, बीएस्सीला गणित ठेवलंस का? पलीकडे शांतता. अवघड जातं म्हणून पहिल्या वर्षानंतर गणित सोडणं फार महागात पडतं. आयआयटी इंदूरला खगोलशास्त्राची एमएस्सी आहे, पण प्रवेशासाठी जॅमला, म्हणजे एमएस्सीच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, भौतिकशास्त्राचा पेपर द्यावा लागतो: 3 तास, 60 प्रश्न, 100 गुण. यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम. तारे ओळखता येतात, याला तिथे गुण नाहीत.

पदवीच्या नावात 'खगोल' हवंच म्हणून वर्ष वाया घालवू नका. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून पीएचडीकडे वळणारे कितीतरी आहेत.

पायथन ही संगणकभाषा शिकणं शेवटच्या सत्रावर ढकलू नका. निरीक्षणाच्या वेळी फ्लॅट फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा असमानपणा काढण्यासाठीचा सारख्या उजेडाचा फोटो, घ्यायला विसरू नका.

आता प्रकल्पाबद्दल. एका विद्यार्थ्याने ययाती तारकासमूहातला अलगोल हा तारा निवडला. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी हा तारा मंदावतो, 2.1 प्रतीवरून 3.4 वर येतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद). पोराने थंडीत गच्चीवर रात्री जागवल्या, आलेखही देखणा आला. फक्त तेजाचा तळ अपेक्षित वेळेपेक्षा साडेपाच तास उशिरा. त्याने आवर्तनकाळ बदलल्याचा निष्कर्ष काढून दोन पानं लिहून टाकली. साडेपाच हा आकडा बघताच मी त्याला फोटोंच्या नोंदी उघडायला लावल्या. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं आणि त्याने तीच वेळ यूटी (जागतिक वेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) समजून तयार कोडमध्ये भरली होती. रात्री साडेअकराचा तळ यूटीत संध्याकाळी सहाचा. तारा अगदी वेळेवर होता. जमा करायला चार दिवस उरले होते, सगळं विश्लेषण पुन्हा करावं लागलं.

कोड त्याने मित्राकडून घेतला होता, आतली एक ओळही वाचली नव्हती. ही घाई मला अजिबात पटत नाही. पहिल्या पाच फोटोंची मोजणी हाताने करा, वेळ स्वतः बदलून बघा, मग कोड चालवा. एक संध्याकाळ जाईल, जाऊ द्या. मी आजही निरीक्षणाला बसण्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ यूटीवर लावतो आणि वहीच्या प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात 'यूटी' लिहितो.