दीर्घिकेचं वस्तुमान आणि धातुता: आलेख काढताना या चुका टाळा

पावसाळ्यात नाशिकला आकाशनिरीक्षणाच्या नावानं बोंबच असते. त्र्यंबककडे ढग उतरले की दुर्बीण कपाटात जाते. एमएस्सी फिजिक्सच्या मुलांनी या दिवसांत लॅपटॉपवर करावा असा एक प्रकल्प आहे: स्लोन सर्व्हे या मोठ्या आकाश-पाहणीची फुकट मिळणारी माहिती उतरवायची आणि दीर्घिकांच्या वस्तुमानासमोर त्यांची धातुता मांडायची. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हीलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्यं 'धातू', ऑक्सिजनसुद्धा; वायूत त्यांचं प्रमाण किती, ती धातुता. जड दीर्घिका जास्त धातुसमृद्ध असतात, हा कल १९७९मध्ये लेक्यू आणि सहकाऱ्यांनी मोजक्या दीर्घिकांवरून दाखवला. २००४मध्ये क्रिस्टी ट्रेमोंटी यांच्या गटानं सुमारे ५३,००० दीर्घिका घेऊन तो पक्का केला. तीस कोटी सौर वस्तुमानांपासून तीन हजार कोटींपर्यंत रेषा चढते, पुढे सपाट होत जाते. तुमच्या आलेखात असं दिसत नसेल, तर गडबड बहुधा खालीलपैकी कुठंतरी आहे.

सगळे ठिपके एका कोपऱ्यात गोळा झालेत? मग माहितीत -९९९९ राहून गेलंय. मोजमाप नसलेल्या जागी हा आकडा भरलेला असतो, तो आधी गाळा. दुसरं म्हणजे, स्लोनच्या गॅलस्पेकएक्स्ट्रा या टेबलातलं वस्तुमान आधीच लॉगमध्ये आहे, त्याचा पुन्हा लॉग घेऊ नका. धातुताही लॉगमध्येच असते: ऑक्सिजनच्या अणूंचं हायड्रोजनशी प्रमाण, त्याचा लॉग, अधिक १२. त्यामुळे ८.४ आणि ९.० हा फरक किरकोळ वाटला तरी प्रत्यक्षात चौपट आहे.

जड बाजूला ठिपके विस्कटले असतील तर दीर्घिकांची निवड तपासा. ऑक्सिजन मोजण्याची नेहमीची सूत्रं वायूला तरुण, तप्त तारे उजळवतात असं धरून चालतात. केंद्रात सक्रिय कृष्णविवर असेल तर वर्णरेषांचं (वर्णपटातल्या, मूलद्रव्यांची ओळख पटवणाऱ्या रेषांचं) गणितच बदलतं, आणि अशी केंद्रं जड दीर्घिकांतच जास्त सापडतात. अशा दीर्घिका वेगळ्या काढायला बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांचा १९८१चा, वर्णरेषांच्या गुणोत्तरांचा आलेख वापरतात. त्याच टेबलात हे वर्गीकरण तयार मिळतं, वर्ग १ म्हणजे निव्वळ तारकानिर्मिती. तेवढाच ठेवा.

जवळच्या दीर्घिकांचा सोस नको. दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणारा स्लोनचा प्रकाशतंतू आकाशातला फक्त ३ कंससेकंदांचा तुकडा पाहतो. दीर्घिका जवळ असली की त्यात तिचा गाभाच येतो, आणि सर्पिल दीर्घिकांचा गाभा कडेपेक्षा धातुसमृद्ध असतो. ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचं माप; दीर्घिका जितकी दूर तितकं जास्त) ०.०४च्या पुढच्याच दीर्घिका घेतल्या की ही अडचण बरीच कमी होते.

आता खरी डोकेदुखी: मापनपद्धत. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ४३६३ अँगस्ट्रॉमच्या क्षीण ऑक्सिजन रेषेवरून वायूचं तापमान काढणं. पण धातू वाढले की वायू थंड होतो आणि ती रेषा दिसेनाशी होते. मग ठळक रेषांच्या गुणोत्तरांवर भागवावं लागतं. त्यातल्या प्रसिद्ध आर-२३ या, ऑक्सिजनच्या रेषांची हायड्रोजनच्या रेषेशी तुलना करणाऱ्या, गुणोत्तराची खोड अशी की ऑक्सिजन वाढताना ते आधी वाढतं आणि नंतर, वायू थंडावल्यावर, घटतं. म्हणजे एकाच आकड्याला दोन उत्तरं. कोणती शाखा घ्यायची हे नायट्रोजनच्या रेषेवरून ठरवावं लागतं. केवली आणि एलिसन यांनी २००८मध्ये दाखवलं की त्याच दीर्घिकांसाठी वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरं लॉगमध्ये ०.७पर्यंत, म्हणजे पाचपट, वेगळी येतात. ट्रेमोंटींची पद्धत त्यात वरच्या अंगाची आहे. म्हणून आपल्या आलेखातल्या मोठ्या दीर्घिका सूर्याच्या ८.६९पेक्षा बऱ्याच वर दिसल्या तरी लगेच 'सूर्याच्या दुप्पट धातू' असं लिहून मोकळं होऊ नका. एका पद्धतीतली तुलना चालते, दोन पद्धतींची सरमिसळ नाही.

निष्कर्षात हमखास होणारी चूक म्हणजे 'मोठी दीर्घिका, जास्त तारे, म्हणून जास्त धातू'. धातुता हे प्रमाण आहे, साठा नव्हे. मिसळीचं पातेलं मोठं घेतलं म्हणून रस्सा तिखट होत नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागतं. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी तापलेला, धातूंनी भरलेला वायू लहान दीर्घिकेच्या कमकुवत गुरुत्वातून निसटतो, जड दीर्घिका त्यातला बराच धरून ठेवते. शिवाय लहान दीर्घिकांनी आपला वायू संथपणे वापरलाय, त्यांच्याकडे कोरा वायू अजून भरपूर आहे. बाहेरून येणारा ताजा वायूही प्रमाण पातळ करतो. यातल्या कशाचा वाटा किती, यावर अजून वाद आहेत, तेव्हा अहवालात एकच कारण ठोकून देऊ नये. असा वायू उसळताना पाहायचा तर सप्तर्षीतली एम-८२ ही दीर्घिका आहे. आय झ्विकी १८ ही सूर्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढाच ऑक्सिजन असलेली बटुदीर्घिकाही सप्तर्षीतच आहे. आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, म्हणजे मॅगेलन मेघांची जोडी, उदाहरण म्हणून याहून सोपी: मोठ्यात सूर्याच्या साधारण निम्मे धातू, छोट्यात पाचवा हिस्सा. पण नाशिकहून मोठा मेघ कसाबसा क्षितिजाला टेकतो आणि छोटा क्षितिजाखालीच राहतो.

रेषेभोवतीचा विखुरलेपणा निव्वळ मोजमापातली चूक समजून पुसून टाकू नका. ठिपक्यांना तारकानिर्मितीच्या वेगानुसार रंग द्या. मानुची आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये मांडलं की सारख्याच वस्तुमानाच्या दीर्घिकांत जी वेगानं तारे घडवते तिची धातुता कमी असते. माझ्या मते प्रकल्पातला सर्वांत देखणा आलेख हाच. मात्र ही प्रवृत्ती किती ठळक दिसते, तेही मापनपद्धतीवर अवलंबून असतं.

आडव्या अक्षावर फक्त ताऱ्यांचं वस्तुमान असतं हेही स्पष्ट लिहा. आपल्या आकाशगंगेत ते सुमारे पाच हजार कोटी सौर वस्तुमानं आहे. कृष्णद्रव्य धरून एकूण आकडा एक लाख कोटींच्या घरात जातो. थंड हायड्रोजनचा हिशेब तर वेगळाच, त्यासाठी २१ सेंटिमीटरच्या रेडिओ लहरी लागतात. पुण्याला जाताना लागणाऱ्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना तेही काम करतात.

दूरच्या दीर्घिकांचे ठिपके याच आलेखावर टाकायचा मोह होईल. ताम्रसृती २च्या आसपासच्या दीर्घिका, तेवढ्याच वस्तुमानाला, आजच्यापेक्षा खाली बसतात. २००६मध्ये डॉन अर्ब यांच्या गटानं हा फरक लॉगमध्ये सुमारे ०.३, म्हणजे दुप्पट, काढला. पण तिकडे बहुधा नायट्रोजनच्या रेषेवरून धातुता काढलेली असते. तेव्हा जवळच्या दीर्घिकांची धातुताही त्याच सूत्रानं पुन्हा काढा, मगच दोन्ही एका कागदावर आणा.