पार्टीचं बँक खातं बदलल्याचा ईमेल आलाय? या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंतच्या काही छोट्या कारखान्यांचे ईमेल मी सांभाळतो. तोतया मेलमुळे पैसे गेले की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला अँटिव्हायरस टाकू?" अशा मेलमध्ये बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. नवीन खात्यात पैसे टाका, एवढीच विनंती असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्याच मेलला उत्तर देऊन खात्री करणं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपला नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला. जुन्याच संभाषणाखाली, बिल नंबरही बरोबर. "ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, पेमेंट सोबतच्या खात्यात करा." जोडीला कॅन्सल चेकचा फोटो. अकाउंट्सच्या ताईंना शंका आली आणि त्यांनी विचारलंही, "सर, खातं नक्की बदललंय ना?" पण विचारलं त्याच मेलवर. चोराने लगेच "हो" कळवलं, आरटीजीएस झालं. खरा पुरवठादार थकबाकीसाठी फोन करेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. त्याचाच मेलबॉक्स फुटला होता आणि आत कुणीतरी फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवला होता. प्रत्येक बिलाची प्रत बाहेर जात होती. मालक ताईंवर चिडले. मला ते पटलं नाही. "पेमेंट आत्ताच्या आत्ता सोडा" हा रोजचा तगादा मालकांचाच होता.

खातं बदललं म्हटलं की मी फोन करायलाच लावतो, तोही जुन्या पर्चेस ऑर्डरवरच्या नंबरवर. मेलच्या सहीखालचा नंबर चोराचा असू शकतो. एनईएफटी-आरटीजीएस करताना आता बँक खातेदाराचं नाव दाखवते. ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ते नाव वाचा, घाईत पुढे जाऊ नका.

मोबाइलवर फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. पत्ता उघडून बघा, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी-शेजारी बसवलेले असतात. सगळ्या ऑफिसला एकच पासवर्ड नको. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा.

दुसरं दुखणं डीएनएसचं, म्हणजे तुमच्या डोमेनच्या (कंपनीच्या इंटरनेटवरच्या नावाच्या) नोंदींचं. व्हिडिओ बघून दहा मिनिटांत 'सिक्युरिटी' लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एसपीएफची (तुमच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्या यादीची) एक नोंद आधीच असते, बिलिंग सॉफ्टवेअरवाला दुसरी टाकून जातो. एका डोमेनला एकच एसपीएफ चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. दोन्हींचा मजकूर एकाच नोंदीत घ्या. डीकेआयएमही (मेलवरची डिजिटल सही) चालू करा. या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. ते 'नन'वर (काहीच करू नका) ठेवून निवांत बसाल तर फक्त रिपोर्ट येतात, अडवलं काहीच जात नाही. उलट पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' (थेट नाकारा) केलंत, तर तुमचीच बिलं ग्राहकाकडून परत येऊ शकतात. काही आठवडे रिपोर्ट वाचा, मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट'. आणि एवढं करूनही मिळत्याजुळत्या नावाचं डोमेन किंवा फुटलेला मेलबॉक्स डीमार्क अडवत नाही. तिथे फोनच करावा लागतो.

पैसे गेलेच तर आधी १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक, मालकांची मीटिंग नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात. तो मेल डिलीट करू नका, तपासाला त्याचे हेडर (मेल कुठून कसा आला, त्याची आतली नोंद) लागतात. तुमचाच मेलबॉक्स फुटला असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियम उघडून बघा, अनोळखी असतील ते काढा आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.