प्लंबरचं काम सांगण्याआधी खर्चाचा अंदाज कसा घ्यावा

नेरुळला आमच्या सिडकोच्या जुन्या घरात बाथरूमच्या सगळ्या टाइल्स फिकट निळ्या आहेत आणि दाराजवळच्या चार पांढऱ्या. खालच्या काकूंच्या छताला ओल आली म्हणून मी घाईघाईत प्लंबर बोलावला. ‘लाइन इथेच फुटली असणार’ म्हणत त्याने जमीन फोडली, तर लाइन ठणठणीत कोरडी. गळत होता तो नहाणी ट्रॅपखालचा (जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखाली बसवलेल्या भागाचा) जोड. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत तो खालच्या घराच्या छताला उघडा दिसतो, स्टुलावर उभं राहिलं की हाताला लागतो. प्लंबरची मजुरी 800 रुपये झाली. पण गवंडी, टाइल्स, वॉटरप्रूफिंग आणि डेब्रिज उचलणं धरून साडेसहा हजार गेले, आणि त्या निळ्या टाइल्स आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

म्हणून पैशाआधी गळतीचं बोलू.

आधी गळती ओळखा

ओल सतत, एकाच वेगाने, स्वच्छ पाण्याची असेल तर बहुधा नळाची लाइन गळते. आंघोळ झाल्यावर किंवा मशीनचं पाणी सोडल्यावरच ओल वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या पाइपवर, ट्रॅपवर नाहीतर टाइल्समधल्या सांध्यांवर घ्यायचा.

खात्री करायला एक पैसाही लागत नाही. रात्री झोपताना आपल्या घराला येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा (काही सोसायट्यांत तो गच्चीवर टाकीजवळ असतो, वॉचमनला विचारा). खालच्यांना छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. एरवी रात्री पाणी न वापरताही गळत असेल, आणि या वेळी सकाळपर्यंत थेंब थांबले आणि ओल रेघेच्या आत राहिली, तर दोष बहुधा लाइनचा. व्हॉल्व्ह उघडल्यावर दुसरी चाचणी करा: नहाणी ट्रॅपच्या तोंडाला कापडाचा घट्ट बोळा लावून जमिनीवर इंचभर पाणी साठवा आणि काही तास थांबा. खाली थेंब वाढले तर पाणी टाइल्सच्या सांध्यांतून झिरपतंय. तसं नसेल आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर गळायला लागलं, तर ट्रॅप किंवा त्याचा पाइप. हे प्लंबरला सांगता आलं की तोडफोडीची भाषा बरीच कमी होते. पावसाळ्यात मात्र बाहेरच्या भिंतीची ओल यात मिसळते, त्यामुळे जमलं तर ही तपासणी मे महिन्यातच उरका.

फोनवर तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा

‘किती होतील?’ या प्रश्नाला ‘येऊन बघतो’ हेच उत्तर मिळणार, आणि ते खोटंही नाही. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा आणि विचारा: येऊन बघण्याचे किती? मजुरी किती? सामान कोण आणणार? येण्याचे पैसे मागितले तर कुरकुर करू नका. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस जातो. काम त्यालाच दिलं तर ते पैसे मजुरीत धरतो का, एवढं विचारून घ्या.

गेल्या वर्षभरात आमच्या मजल्यावर मोजलेले आकडे सांगते, म्हणजे अंदाज येईल. बघण्याचे 200, नळ किंवा अँगल कॉक (भिंतीतून नळीला पाणी देणारा छोटा नळ) बदलायची मजुरी 200 ते 250, फ्लश टँकची दुरुस्ती 450, बेसिनखालचा वेस्ट पाइप बदलायचे 300. ही फक्त मजुरी.

आणखी एक प्रश्न जुन्या घरांत विचारायलाच हवा: ‘दादा, निपल आत तुटली तर?’ निपल म्हणजे नळ जिच्यात बसतो ती भिंतीतली आटे असलेली छोटी नळी. जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वीस-पंचवीस वर्षांत आतून गंजतो. पान्याने नळ फिरवताना भिंतीतली निपल मोडली की दोनशेच्या कामाला भिंत फोडावी लागते. तसं झालं तर किती, टाइल पुन्हा कोण लावणार, हे पान्याला हात लावण्याआधी ठरवा. बहुतेक प्लंबर टाइल लावत नाहीत, गवंड्याचे पैसे वेगळे.

सामान

शक्यतो प्लंबरसोबत दुकानात जा. अर्धा इंची की पाऊण इंची, सीपीव्हीसी की यूपीव्हीसी (दोन्ही प्लास्टिक पाइपचे प्रकार), हे तो बघेल. बिल तुम्ही घ्या. नळ, पाइप यांवर 18 टक्के जीएसटी असतो, त्यामुळे तोंडी भाव आणि बिलातला भाव यांत फरक पडतो. ठाण्यात ज्या सोसायट्या टँकर-बोअरवेलवर चालतात तिथे पाण्यातल्या क्षाराने नळाच्या जाळ्या आणि काडतुसं (नळाच्या आतला पाणी उघड-बंद करणारा भाग) लवकर खराब होतात. तिथे ज्याचं काडतूस सुटं मिळतं असाच नळ घ्या. पुढच्या वेळी अख्खा नळ बदलावा लागणार नाही.

खर्च कुणाचा?

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती त्या सदनिकाधारकाने दुरुस्त करायची, आणि बाहेरची सामाईक लाइन, गच्ची, बाहेरच्या भिंती सोसायटीने. डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतला) उभा पाइप गळत असेल तर स्वतः झुला (दोरीने टांगलेली फळी) लावून काम करून घेऊ नका. आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

दोन प्लंबरचे नंबर ठेवा

देशभरातल्या शहरांत काम करणारे खूप प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचे. जूनच्या मध्यात त्यांचा रज पर्व हा सण, पाठोपाठ रथयात्रा. आपण गणपतीला कोकणात जातो तसे त्यांच्यातलेही काही गावी जातात, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस सुरू होतो. एका नंबरवर विसंबू नका.

पैसे देण्याआधी

व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला लावा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. कागद बारीकसा पाझरही लगेच दाखवतो. सोल्व्हंट (प्लास्टिक पाइप चिकटवायचं द्रावण) लावून पाइप जोडला असेल तर पाणी किती वेळाने सोडायचं ते विचारा, घाई केली तर जोड सुटतो. काढलेले जुने भाग मागून घ्या. बिलाच्या मागे तारीख, काम आणि ‘गळलं तर इतक्या दिवसांत फुकट येणार’ हे त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि तो कागद सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.