तानसेन समारोहाला जाताय? सकाळपासूनच बसा

डिसेंबरात ग्वाल्हेरला तानसेन समारोह हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव असतो, हजिरा भागात, तानसेनाच्या समाधीच्या आवारात. प्रवेश मोफत. बहुतेक पाहुणे थेट संध्याकाळी, मोठ्या कलाकाराच्या वेळेला पोहोचतात. माझा आग्रह आहे की पहिल्या दिवशी सकाळीच या. समाधीपाशी सनई वाजते, मग ढोलीबुवा या संतांच्या परंपरेतली हरिकथा आणि त्याच ठिकाणी मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं पठण. शेजारीच सूफी संत मुहम्मद गौस यांचा मकबरा, त्याची दगडी जाळी उन्हात बघण्यासारखी. ढोलीबुवांचा मठ म्हणजे आपल्या मराठी ग्वाल्हेरचा जुना ठेवा. ही हरिकथा ऐकताना मला दरवर्षी भरून येतं.

संध्याकाळच्या सभेसाठी मात्र नीट तयारी हवी. मांडव असला तरी ग्वाल्हेरची थंडी खालून चढते. स्वेटरवर शाल, कानटोपी, जाड मोजे, आणि जमिनीवर बसणार असाल तर घडी करून एक सतरंजी. थर्मासमध्ये चहा.

सभेची सुरुवात सहसा संगीत विद्यालयाच्या मुलांच्या ध्रुपदानं, म्हणजे ख्यालाहून जुन्या गायनप्रकारानं होते, ते चुकवू नका. स्पीकरच्या अगदी समोर बसू नका, तानपुरा हरवतो. मधल्या रांगा बऱ्या. उठायचंच असेल तर राग संपल्यावर उठा. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात गवई हळूहळू बढत करत, राग उलगडत असतो, तेव्हा समोरून माणसं उठली की त्याचं लक्ष मोडतं. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा.