सह्याद्रीतील अधिवासांचा नकाशा करताना या चुका टाळा

हवाई छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे वन्यजीवांच्या अधिवासांचे नकाशे तयार करताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: चित्रात दिसणारे जमिनीवरचे आवरण म्हणजेच अधिवास असे गृहीत धरले जाते.

सर्वांत महागात पडते ते एकाच हंगामातील चित्रांवर विसंबणे. पावसाळ्यात ढगांमुळे उपयुक्त चित्रे क्वचितच मिळतात, त्यामुळे हाती येणारी चित्रे बहुधा कोरड्या महिन्यांतील असतात आणि त्यांत सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, निव्वळ काळपट खडकासारखा दिसतो. ज्या कातळावर पावसाच्या उथळ डबक्यांत आंबोलीचा प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच भागात आढळणारा, भेक (बेडकाचा एक प्रकार) अंडी घालतो, किंवा साताऱ्याच्या ज्या सड्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवे आणि वायतुरा या रानफुलांचा बहर येतो, तो कातळ नकाशात ‘ओसाड’ या रकान्यात जाऊन बसतो. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या साताऱ्याजवळच्या कास पठाराबाबत असे कोणी करणार नाही. आजूबाजूच्या अप्रसिद्ध सड्यांबाबत मात्र हे सहज घडते. यावर उपाय म्हणजे भर पावसाळ्यात सडा पायी फिरून डबक्यांच्या आणि पाणथळ खोलगटांच्या कडा जीपीएसवर नोंदवणे व त्या नोंदी उन्हाळी चित्रावर चढवणे.

डोंगरउतारावर दाट वाढणारे कारवीचे झुडूपही असेच चकवते. साधारण सात वर्षांनी ती एकगठ्ठा फुलते, बी धरते आणि मरते. त्यानंतरच्या चित्रात अख्खा उतार तपकिरी दिसला की दोन वर्षांची चित्रे ताडून पाहणारा ‘जंगलतोड’ अशी नोंद करून मोकळा होतो. ही नोंद करण्यापूर्वी कारवी शेवटची कधी फुलली, हे खालच्या वाडीत विचारावे. तिथल्या लोकांच्या ते पक्के लक्षात असते.

माळरानाची गत याहून वाईट आहे. महसुली दप्तरातील ‘पडीक’ हा शब्द नकाशाच्या सूचीत जसाच्या तसा उतरतो, आणि मग त्या जागेवर वृक्षारोपण सुचवले जाते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. लांडगा, काळवीट आणि धाविक हा जमिनीवर धावणारा पक्षी यांना असा उघडा, आखूड गवताचा प्रदेशच लागतो. गवताची उंची, चराईचे प्रमाण आणि झुडपांचे अंतर चित्रावरून नीट कळत नाही, त्यासाठी माळावरच जावे लागते.

सिंधुदुर्गात उलटी फसगत होते. रबर व काजूच्या लागवडी वरून दाट, हिरव्या दिसतात आणि निमसदाहरित जंगलात मोजल्या जातात. झाडांच्या शेंड्यांतील एकसारखे अंतर व सपाट पोत ही लागवडीची खूण आहे, तरी शंका आल्यास आत शिरून खालचा थर पाहावा.

नकाशाचे प्रमाणही आधीच ठरवावे. १:५०,००० या प्रमाणात तीन मिलिमीटर बाजूचा चौकोन हा सर्वांत लहान तुकडा मानला, तर त्याखाली सव्वादोन हेक्टर जमीन येते. त्याहून लहान देवराई नकाशातून सरळ पुसली जाते, म्हणून देवराया, पाणवठे आणि गुहा बिंदूंनी स्वतंत्र दाखवाव्यात.

डोंगराळ भागात उंचीचा हिशेब करून दुरुस्त न केलेल्या छायाचित्रात माथे व कडे मूळ जागेवरून सरकलेले दिसतात, त्यामुळे जीपीएसवरील योग्य नोंदही शेजारच्या तुकड्यात पडते. सावलीतील दरी अंदाजाने रंगवू नये. ती दुसऱ्या वेळच्या चित्रावरून पाहावी.

शेवटी पडताळणी. पाहणीचे बिंदू रस्त्याच्या कडेलाच घेतले, तर रस्त्याकाठच्या विस्कळीत झाडीचेच वर्णन हाती येते. ज्या बिंदूंवरून सीमा आखल्या त्यांवरच अचूकता तपासणे म्हणजे स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच तपासणे होय. पडताळणीचे बिंदू वेगळे, प्रत्येक अधिवासातून यादृच्छिक निवडलेले असावेत, आणि अचूकता वर्गवार द्यावी, कारण शेती व जलाशय यांसारखे मोठे, सोपे वर्ग एकूण टक्केवारी फुगवतात आणि सड्याची चूक त्यात दडून जाते.